भर दुपारचा चेहरा

वाशिमला वर्षातून दोनदा माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. एकदा २० मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला. जुलैत आभाळ भरलेले असते, त्यामुळे ती वेळ कुणाच्या ध्यानात येत नाही. मेमध्ये मात्र लग्नसराई ऐन भरात असते. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पत्रिकेवरचा मुहूर्तही बऱ्याचदा त्याच्याच आगेमागे असतो, आणि लग्न लागले की नवरदेव-नवरीचा मंडपाबाहेरचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. मंडपात थांबावे तर वरच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यांचा रंगच बदलून टाकतो. बाहेर यावे तर सरळ वरून पडणारे ऊन कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालफडे तेवढी उजळवते. डोळे खोबणीतच राहतात, फेट्याची सावली भुवयांवर उतरते आणि नाकाखालची सावली वरच्या ओठापर्यंत पोचते.

त्यात जमिनीची भर. कोकणात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर फिकी वाळू खालून उजेड परत फेकते आणि चेहऱ्यावरच्या सावल्या आपोआप सौम्य होतात. वाशिमची जमीन काळी. उन्हाळ्यात सोयाबीन-तुरीची शेते नांगरून उघडी पडलेली असतात आणि ती माती उजेड पिऊन टाकते. एकाच माणसाला आधी सिमेंटच्या अंगणात आणि पाच मिनिटांनी शेताच्या धुऱ्यावर उभे करून फोटो काढला, तर डोळ्यांखालच्या सावलीतला फरक कुणालाही दिसेल. कॅमेरा तोच, ऊन तेच, फक्त पायाखालची जमीन बदललेली.

इथल्या फोटोग्राफरच्या हाती पडणारी पुस्तके बहुतांशी दुसऱ्या आकाशाखाली लिहिलेली असतात. लंडनमध्ये जूनच्या ऐन दुपारीही सूर्य साधारण ६२ अंशांच्या वर चढत नाही आणि हिवाळ्यात तो दिवसभर कललेलाच असतो. तिथून येणारा सल्ला एकच: सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फोटो काढा, दुपार टाळा. सल्ला चुकीचा नाही. पण विसाव्या अक्षांशावर संध्याकाळचे सोनेरी ऊन झटपट उतरते, आणि मुख्य म्हणजे माणसे आपल्या वेळेने मोकळी होतात, उजेडाच्या वेळेने नव्हे. सोयाबीनची सोंगणी दुपारी थांबत नाही. आठवडी बाजार दुपारीच भरतो. पोहरादेवीला रामनवमीची गर्दी लोटते तेव्हा चैत्राचे ऊन माथ्यावर असते, कारण रामजन्माची वेळच दुपारी बाराची. तुमच्या हातातल्या या पुस्तकाची भूमिका इथून सुरू होते: माणसाची वेळ तीच फोटोची वेळ धरायची, उजेडाची सोय फोटोग्राफरने करायची. ही सोय करण्याच्या ज्या रीती आहेत त्यांत हाय-स्पीड सिंक, म्हणजे फोटोवाल्यांच्या बोलीत एचएसएस, आज सर्वांत आवाक्यात आलेली आहे आणि तितकीच अर्धवट समजलेलीही आहे.

नवख्या वाचकासाठी आधी यंत्राची गोष्ट. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरच्या अगदी पुढे दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि सेन्सर उघडतो, दुसरा मागून येतो आणि तो झाकतो. शटर साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत असेल तर मध्ये एक क्षण असा येतो, की सेन्सर पूर्ण उघडा असतो. फ्लॅश त्याच क्षणी चमकतो. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात. वेग त्याहून वाढवला की पहिला पडदा पलीकडे पोचण्याआधीच दुसरा निघतो आणि दोघांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते, झेरॉक्स मशीनमधला उजेडाचा पट्टा कागदाखालून सरकतो तशी. १/४००० वर ही फट दोन मिलिमीटरच्या आसपास असते. नेहमीचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर विझतो, म्हणून त्याचा उजेड फटीपुरत्या जागेवर उमटतो आणि उरलेल्या चौकटीला मिळतच नाही. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच चमकून विझत नाही. फट एका कडेपासून दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत तो, सेकंदाला हजारो वेळा या वेगाने, लुकलुकत राहतो. डोळ्याला ती एकच चमक वाटते. सेन्सरला मात्र सलग उजेड मिळतो.

उन्हात याची गरज का पडते ते आकड्यांत पाहावे. नितळ उन्हात आयएसओ १०० असताना एफ १६ ला १/१००, हा फिल्मच्या काळापासूनचा अंदाज आजही खरा उतरतो. सिंक स्पीड १/२०० धरला तर अ‍ॅपर्चर एफ ११ पेक्षा जास्त उघडता येत नाही. एफ ११ ला नवरीच्या मागचा पाण्याचा टँकर, डीजेची गाडी आणि खुर्च्यांची थप्पी हे सगळे जवळपास तिच्याइतकेच ठळक येते. मागचे सगळे विरघळवून फक्त चेहरा उरवायचा असेल तर एफ २.८ वर यावे लागते. तिथे ऊन सांभाळायला शटर १/३२०० लागतो आणि त्या वेगाला साधा फ्लॅश कामाचा राहत नाही. ही अडचण हाय-स्पीड सिंक सोडवते.

आता त्या गैरसमजाकडे यावे लागेल, ज्यापायी अनेकांनी महागडे दिवे घेऊन कपाटात ठेवले. हाय-स्पीड सिंक म्हणजे सूर्यावर मात करणारी ताकद, अशी त्याची जाहिरात होते. हिशेब याच्या उलट आहे. फट सरकत असताना दिव्याने टाकलेल्या उजेडाचा बराचसा भाग पडद्याच्या पाठीवर पडून वाया जातो. साध्या पद्धतीतून या पद्धतीत शिरतानाच साधारण दोन स्टॉपची, म्हणजे चौपट उजेडाची, तूट पडते. एफ ११ वरून एफ २.८ वर आल्याने चार स्टॉप मिळतात, पण शटर १/२०० वरून १/३२०० वर नेल्याने तेवढेच जातातही, आणि सुरुवातीची तूट तशीच राहते. ती भरून काढायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिवा जवळ आणणे: दोन मीटरवरचा दिवा एक मीटरवर आणला की उजेड चौपट होतो. म्हणून या पद्धतीने काढलेल्या चांगल्या पोर्ट्रेटमध्ये सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, बहुधा चौकटीच्या कडेला अगदी चिकटून असतो, आणि म्हणूनच ही पद्धत एका-दोघांच्या फोटोला साजते. पंचवीस जणांच्या वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोला ती वापरणे म्हणजे बॅटरी आणि वेळ दोन्ही घालवणे. तिथे १/२००, एफ ११ आणि पूर्ण ताकदीचा साधा फ्लॅश हेच उत्तर.

या तंत्राचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. हीच अडचण एकदा सुटली, मग पुन्हा उभी राहिली आणि मग नव्याने सोडवावी लागली.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळात कॅमेरा हाताळणाऱ्या आरंभीच्या भारतीयांपैकी एक. तेव्हा उजेड म्हणजे सूर्यच आणि एक फोटो सेकंद-सेकंद चालायचा. माणसाला सावलीत स्थिर बसवणे हेच अर्धे कौशल्य होते. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आणली. ती भडकायची, धूर करायची, हात भाजायची. १९२९-३० च्या सुमारास काचेच्या बंद फुग्यात जळणारा फ्लॅश बल्ब आला आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो उचलला. मुंबईत काम सुरू करून पुढे दिल्लीत नावारूपाला आलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातातला स्पीड ग्राफिक कॅमेरा आणि त्यावरचा बल्ब ही त्या काळाची ओळखीची प्रतिमा आहे.

बल्बांचा एक खास प्रकार होता: एफपी, म्हणजे फोकल प्लेन बल्ब. तो मुद्दाम सावकाश आणि एकसारखा जळायचा, जेणेकरून फट सेन्सरच्या, म्हणजे तेव्हा फिल्मच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईपर्यंत उजेड टिकावा. आजच्या हाय-स्पीड सिंकचे मूळ या बल्बात आहे. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत आजही दिसणारे ‘एफपी’ हे दोन अक्षरी नाव तिथूनच आले.

मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला. एमआयटीत हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात गोळी, थेंब, उडते पक्षी थांबवून दाखवले ते त्याच्या क्षणभंगुर चमकेच्या बळावर. पण तीच क्षणभंगुरता पडद्याच्या शटरला नडली. १९५४ च्या लायका एम३ चा सिंक स्पीड १/५० होता, १९५९ च्या निकॉन एफचा १/६०. उन्हात फ्लॅश वापरायचा तर अ‍ॅपर्चर पार बंद करावे लागे. ज्यांना परवडत होते ते लीफ शटरकडे वळले. त्यात शटर लेन्सच्या आतच असते आणि पाकळ्या उघडल्या की पूर्ण फिल्म एकदम उघडी होते. १९५७ च्या हॅसलब्लाड ५००सी वर १/५०० पर्यंत प्रत्येक वेगाला फ्लॅश चालायचा. पुढची कितीतरी वर्षे लग्नाच्या आणि फॅशनच्या छायाचित्रकारांनी तो कॅमेरा सोडला नाही, त्याचे एक कारण हे होते.

पडद्याच्या शटरने हळूहळू अंतर कापले. उभे सरकणारे धातूचे पडदे आले आणि १९८२ च्या निकॉन एफएम२ ने १/२०० गाठले. दोनच वर्षांत त्याच्या सुधारित रूपाने १/२५० गाठले. आज चाळीस वर्षांनंतरही बहुतेक कॅमेरे याच आकड्याच्या आसपास आहेत. खरी उडी १९८६ च्या सुमारास ऑलिंपसने घेतली. त्यांच्या ओएम-४ टीआय कॅमेऱ्याबरोबरचा एफ२८० फ्लॅश लुकलुकत राहून १/२००० पर्यंत साथ द्यायचा. एफपी बल्बाची कल्पना आता विजेवर चालू लागली होती. १९९० च्या दशकात मिनोल्टा, निकॉन आणि कॅनननेही ती उचलली. अलीकडचे वळण २०२३ चे. सोनीच्या ए९ III मध्ये ग्लोबल शटर आहे, म्हणजे सेन्सरचा प्रत्येक बिंदू एकाच वेळी उघडतो आणि एकाच वेळी बंद होतो. फट नाही, म्हणून सिंक स्पीडची मर्यादाही नाही. हे तंत्र स्वस्त होऊन तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत मात्र लुकलुकणाऱ्या फ्लॅशचेच दिवस आहेत.

इतिहासापेक्षा वाद जास्त आहेत ते उन्हात फ्लॅश वापरावा का, आणि वापरलाच तर तो दिसावा का, यावर. एका घराण्याला कृत्रिम दिवा नकोच. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खाणकामगार, गुराखी, भटके अशा माणसांची पोर्ट्रेट उघड्यावर काढली, पण सावलीत पांढरा कागद लावून आणि आकाशाच्या मऊ उजेडात. आपल्याकडे, वाशिम ज्या जिल्ह्याचा १९९८ पर्यंत भाग होता त्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेले काळे-पांढरे काम असेल त्या उजेडाला मान देणारे आहे. या घराण्याचा धडा वाशिममध्येही लागू पडतो. कारंजा लाडच्या दिल्ली वेशीच्या कमानीत दुपारी उभ्या केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर समोरच्या रस्त्यावरून परतणारा उजेड इतका सुरेख येतो, की तिथे फ्लॅश काढणे म्हणजे हातचे सोडणे. हे पुस्तक फ्लॅशचे असूनही असे ठिकाण आधी शोधा असे सांगते, आणि ते योग्यच आहे.

दुसरे घराणे फ्लॅश लपवत नाही. ब्रिटिश छायाचित्रकार मार्टिन पार यांचे १९८६ चे ‘द लास्ट रिसॉर्ट’ हे न्यू ब्रायटनच्या किनाऱ्यावरचे काम उन्हात फ्लॅश मारून केलेले, आणि त्या भडक रंगांत एक धारदार भाष्य आहे. तिसरे घराणे आकाश काळवंडवून माणूस उजळवणारे. दोन-तीन स्टॉप खाली खेचलेले ढग आणि समोर नवरदेव, ही शैली सध्या प्री-वेडिंगच्या अल्बमांत बोकाळली आहे. एखाद्या फोटोत ती शोभते, पण सबंध अल्बम तसा केला तर वाशिमचे आकाश कुठेच दिसत नाही आणि सगळे फोटो कुठल्याही गावचे वाटतात. चौथे घराणे रिफ्लेक्टरवाल्यांचे. थर्माकोलची शीट किंवा चंदेरी गोल रिफ्लेक्टर घेतला की वीज लागत नाही, बॅटरी संपत नाही. पण भर उन्हात चंदेरी रिफ्लेक्टर डोळ्यांवर मारला की नवरी डोळे मिचकावते, आणि त्या फोटोला इलाज नाही. फ्लॅशची चमक इतकी अल्प असते, की पापणी हलण्याआधी ती संपलेली असते.

एनडी फिल्टर लावून सिंक स्पीडच्या आतच राहणारी मंडळीही आहेत. चार स्टॉपचा काळा फिल्टर लावला की १/२०० ला एफ २.८ मिळतो आणि फ्लॅशची ताकद वाया जात नाही. मोठा दिवा नसलेल्यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. अडचण एवढीच, की फोकस अडखळतो आणि स्वस्त फिल्टर त्वचेवर रंगाची झाक सोडतात.

गौतम राजाध्यक्ष यांचे ‘चेहरे’ ज्या मराठी घरांत पाहिले गेले, तिथे पोर्ट्रेटची कसोटी ठरून गेली: त्वचा मऊ, डोळे बोलके, उजेड कुठून आला ते न कळणारा. ते काम मुख्यतः आतल्या, पूर्ण ताब्यातल्या प्रकाशाचे होते. तीच मऊ नजर धुऱ्यावर, मंदिराच्या पायरीवर, भर बाजारात आणता येईल का, हा प्रश्न या पुस्तकाच्या तळाशी आहे.

त्याची अवघड परीक्षा पोहरादेवीला होते. मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. वयस्क बंजारा स्त्रियांच्या फेटिया (घागरा) आणि कांचळीवर (चोळी) बारीक आरसे शिवलेले असतात, केसांत चांदीचे दागिने असतात. कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश मारला की समोर वळलेला प्रत्येक आरसा पांढरा ठिपका होऊन जळतो आणि बाजूचा आरसा काळा पडतो. वेशावरचे भरतकाम त्या ठिपक्यांत हरवते. दिवा बाजूला, पंचेचाळीस अंशांहून अधिक कोनात नेला आणि त्यावर मोठा सॉफ्टबॉक्स लावला, की बहुतेक आरशांत आकाशाचा निळा तुकडा येतो आणि मोजक्या आरशांत सॉफ्टबॉक्सची मऊ पांढरी चौकट. मग धाग्याचा टाका न् टाका मोजता येतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांनाही बाजूचा उजेड खोली देतो, फक्त तो फार कोरडा होऊ नये म्हणून दिवा आणखी जवळ आणावा लागतो. एवढे सगळे करण्याआधी त्या आजीची परवानगी घ्यायची आणि दर्शनाच्या रांगेत फ्लॅश मारायचा नाही, हे पुस्तक तंत्राइतक्याच ठामपणे सांगते.

हा विषय आत्ताच का? एक कारण बाजारातले. वीस वर्षांपूर्वी हाय-स्पीड सिंक करणारा फ्लॅश म्हणजे कॅमेरा कंपनीचाच महागडा फ्लॅश. २००६ पासून अमेरिकी वृत्तछायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी छोटे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून वापरण्याची रीत जगभर शिकवली. २०१३ मध्ये प्रोफोटोने बी१ हा बॅटरीवरचा मोठा दिवा आणला. पाठोपाठ गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी लिथियम बॅटरीचे दिवे आणि रेडिओ ट्रिगर अशा किमतीत आणले, की रिसोड-मंगरूळपीरच्या स्टुडिओवाल्यालाही दोन लग्नांच्या हंगामात ते घेता यावेत. दुसरे कारण खिशातल्या फोनचे. फोनचा पोर्ट्रेट मोड मागचे धूसर करतो, सावल्याही गणिताने उपसून काढतो. पण खोबणीत गेलेल्या डोळ्यात जो प्रकाशाचा ठिपका नव्हताच, तो त्याला प्रामाणिकपणे आणता येत नाही. दोनशे रुपये जास्त देऊन फोटोवाला बोलावणाऱ्या घराला हा फरक दाखवता आला पाहिजे. या व्यवसायावर जगणाऱ्यांसाठी हा हौसेचा प्रश्न नाही.

आणखी एक गोष्ट तंत्राच्या पुस्तकांत क्वचित येते: ऊन यंत्रालाही लागते. पारा चाळिशीच्या पुढे असताना हाय-स्पीड सिंकमध्ये सलग फोटो काढले की फ्लॅश तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी काही मिनिटे बंद पडतो. नेमकी त्याच वेळी वरमाला पडत असते. दुपारची वावटळ सॉफ्टबॉक्स स्टँडसकट उचलते. पावसाळ्यात ढग सरकले की दोन मिनिटांत तीन स्टॉपचा फरक पडतो. डिसेंबरात सूर्य दुपारीही साधारण ४६ अंशांवरच असतो, तेव्हा याच गावात सगळे हिशेब बदलतात. पुस्तकाचा मोठा भाग या ऋतूंनी व्यापला आहे आणि तोच त्याचा सर्वांत उपयोगी भाग आहे.

रचनेबद्दल थोडे. पुस्तक दिव्यापासून सुरू होत नाही, उन्हापासून होते. आधी उन्हाचे मोजमाप, मग सावलीची ओळख, मग एक दिवा, आणि शेवटी दोन. कुठल्या कंपनीच्या कुठल्या बटणाखाली काय आहे ते इथे मिळणार नाही, मॉडेल बदलले की ती माहिती शिळी होते. फोटोशॉपमध्ये त्वचा गुळगुळीत करण्यावरही काही नाही. सावळ्या रंगाला उजळ करण्याचा आग्रह तर लेखनात कुठेच धरलेला नाही. सावळ्या त्वचेवर उजेडाची चमक कुठे ठेवायची, यावर मात्र मनापासून लिहिले आहे. पांढरी टोपी, पांढरे धोतर आणि उन्हाने रापलेला चेहरा एकाच चौकटीत कसे सांभाळायचे, हा मराठी मुलखाचा अगदी नेहमीचा प्रश्न आहे. त्याला इथे हवी तेवढी जागा मिळाली आहे.

पहिल्या भागासाठी फ्लॅशची गरज नाही. दुपारी साडेबाराला घरातल्या कुणालाही शेताच्या कडेला उभे करावे, आयएसओ १००, एफ २.८ आणि १/३२०० ठेवून एक फोटो काढावा आणि तो पुसून न टाकता जपून ठेवावा. पुढचा प्रत्येक प्रयोग त्याच जागी, त्याच माणसावर करून त्या पहिल्या फोटोशेजारी ठेवायचा आहे.